मच्छरदाणीचे बांबू

माझ्या बाबतीत सांगण्यासारखं फार थोडं घडलं, आणि जे घडलं ते सगळं शेषरावनं सांगून टाकलं. मी सांगायला जाईपर्यंत लोक हसून मोकळे झालेले असत.

शेषराव माझा साडभाऊ. म्हणजे माझ्या बायकोच्या, कमलच्या, थोरल्या बहिणीचा नवरा. साडू हे नातं देवानं तुलनेसाठीच केलं असावं. भावाभावांची तुलना आई करते आणि पोटात ठेवते. साडूंची तुलना अख्खं सासर करतं आणि ओसरीवर बसून करतं. आमचं सासर हिंगणीचं, बोर नदीच्या जंगलाच्या कडेला. शेषराव तिथला पहिला जावई. मी मागून गेलो तेव्हा जावयाची जागा भरलेली होती. मला बाजूला चटई टाकून दिली.

तो देवळीचा. घरची शेती, आणि कापसाचा हंगाम आला की बाजारात एका अडत्याकडे बोली पुकारायचा. त्याचा आवाज गाड्यांच्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. मी वर्ध्याच्या शाळेत मास्तर, माझा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचताना दमायचा. तो ठेंगणा, पोट सुटलेला, कानांवर केसांचे झुबके. दिसायला मी त्याच्यापेक्षा उजवा होतो. हे मीच सांगतो आहे, कारण दुसऱ्या कोणी म्हटल्याचं आठवत नाही.

गोष्ट सांगायची झाली की तो आधी अडकित्ता मागे. सुपारी कातरता कातरता म्हणे, "आता खोटं काऊन सांगू?" हे वाक्य आलं की समजायचं, यापुढे खरं काही येणार नाही. मग गोष्ट चाले आणि ऐन जागी येऊन तो थांबे. अडकित्ता उघडा, सुपारी मध्ये धरलेली, हात हवेत. ऐकणाऱ्यांच्या तोंडावर हसू तयार, नुसती परवानगी बाकी. कट्ट असा आवाज झाला की शेवटचं वाक्य यायचं आणि माणसं एकमेकांच्या अंगावर पडायची. तो स्वतः सगळ्यांत शेवटी हसे. ते हसू पोटातून निघे, खांद्यांपर्यंत येई आणि डोळ्यांतून पाणी होऊन बाहेर पडे.

माझ्या अस्वलाचंच घ्या. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी हिंगणीला गेलो होतो. सकाळी टमरेल घेऊन जंगलाच्या अंगाला गेलो आणि झुडपाआडून अस्वल निघालं. ते दचकलं, मी दचकलो, ते एकीकडे पळालं, मी दुसरीकडे. टमरेल तिथंच राहिलं. ही गोष्ट मी ओसरीवर सांगितली. वारा कुठून होता ते सांगितलं, दिवाळीत मोहाची फुलं नसतात तेव्हा अस्वल इकडे यायला नको होतं हे सांगितलं, टमरेल कुठल्या दुकानातलं तेही सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "जवाई, चहा थंडा होऊन राह्यला."

संध्याकाळी शेषराव आला. त्यानं तीच गोष्ट कमलकडून अर्धी ऐकली आणि दिवेलागणीला ओसरीवर सांगितली. "आता खोटं काऊन सांगू? अस्वल अठी पळे त मास्तर तठी पळे. मास्तर तठी जाये त अस्वल अठी. टमरेल मधात. शेवटी अस्वलच थांबलं. हात जोडले, आन् म्हणे..." इथं तो थांबला. कट्ट. "...मास्तर, आधी तुमचं होऊ द्या."

माझे सासरे, ज्यांना आम्ही दोघंही मामाजी म्हणायचो, ते खांबाला धरून हसले. कमल हसली. नवी नवरी असताना ती माझ्या कुठल्या बोलण्यावर तशी हसली असती तर मी ते पुढची वीस वर्षं पुरवून वापरलं असतं. पुढे हिंगणीत मला लोक 'आधी तुमचं होऊ द्या' या नावानं ओळखू लागले. घटनेला हजर मी. घाबरलो मी. टमरेल माझं. आणि गोष्ट शेषरावची.

मी त्याचा अभ्यास केला, हे सांगायला हरकत नाही. तो कुठे थांबतो आणि किती थांबतो ते मनात ठेवायचो आणि सकाळी दाढी करताना आरशासमोर थांबून पाहायचो. थांबणं जमायचं नाही, गाल मात्र कापला जायचा.

त्या अभ्यासाचा उपयोग झाला तो असा.

वर्ध्याला आमच्या धाकट्याचं बारसं होतं. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होती, म्हणजे किती जुनी गोष्ट ते समजा. थंडीचे दिवस, दुपारची जेवणं झालेली, माणसं सतरंजीवर लवंडलेली. पोराचा बाप मी, पण फर्माईश अस्वलाची झाली आणि तीही शेषरावकडे. अडकित्ता आला. गोष्ट निघाली. अस्वलानं हात जोडले, आन् म्हणे... आणि शेषराव थांबला.

सगळे तोंड उघडून तयार. पण ते थांबणं मला लांब वाटलं. त्या जागी तो किती थांबतो हे त्याच्या बायकोपेक्षा मला जास्त ठाऊक होतं. तिचा जीव त्याच्यावर होता, माझा डोळा त्याच्या थांबण्यावर. सुपारी सतरंजीवर पडली. अडकित्ता उघडाच राहिला. कपाळावर घाम, थंडीच्या दिवसांत.

"भाऊ, काय होऊन राह्यलं?" मी विचारलं.

"मधात नका बोलू ना," कमल म्हणाली. "होऊ द्या त्यायचं."

शेषराव हळूच म्हणाला, "मास्तर, छातीवर कोणी बसलं माह्या."

"अस्वल बसलं असंन," मामाजी म्हणाले, आणि सगळी बैठक हसली. त्या हसण्यातच मी त्याला काखेत धरून उठवला आणि टांग्यात घातला. त्याची गोष्ट अर्ध्यात तोडणारा मी पहिलाच माणूस. बैठकीतल्या काही जणांनी ते पुष्कळ दिवस मनात धरलं.

दवाखान्यात डॉक्टर तरुण होते, नागपूरहून आलेले. त्यांनी इंजेक्शन दिलं, लोखंडी नळकांडं आणवून नाकाशी ऑक्सिजन लावला, आणि बराच वेळ मनगट धरून बसले. मग मला व्हरांड्यात घेऊन गेले.

"हार्टचा ॲटॅक आहे. हृदयाच्या एका भागाला रक्त मिळालं नाही, तिथं जखम झाली असं समजा. ती भरायला सहा आठवडे लागतात. तोवर पाठीवर झोपायचं. कूस वळायची नाही, चमचासुद्धा स्वतः उचलायचा नाही. रडारड नको, राग नको. आणि हसणं तर बिलकूल नको."

"औषध कोणतं?"

"हेच. दुखू नये म्हणून इंजेक्शन, झोपेला गोळी, अळणी जेवण. बाकी पडून राहणं."

"उठतील ना?"

त्यांनी खोटं सांगितलं नाही. "पहिला आठवडा निघू द्या. काही जण चालत घरी जातात, काही जात नाहीत. कोण जाईल हे आधी ओळखायची युक्ती माझ्याकडे नाही."

आता म्हणे ॲटॅकवाल्याला थोड्याच दिवसांत उठवून बसवतात. तेव्हा तसं नव्हतं. तेव्हा माणसाला काचेच्या भांड्यासारखं ठेवायचे आणि वाट पाहायचे.

आता त्याच्याजवळ बसायचं कोणी, हा प्रश्न आला. सिस्टर केरळकडची होती आणि आमच्याशी हिंदीत बोलायची. ती म्हणाली, "ऐसा आदमी चाहिए जिसको देखके पेशंट को कुछ भी न हो." त्याची बायको अनुबाई त्याला पाहिलं की रडायची. देवळीचे मित्र आले की तो कुजबुजत का होईना सुरू व्हायचा. मामाजींचं नुसतं नाव निघालं तरी त्याला हसू फुटायचं. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कमल म्हणाली, "यायले बसवा. यायच्या बोलण्यावर आजवर कोणी हासलं नाई."

कोणी हरकत घेतली नाही. मी शाळेतून रजा काढली आणि शेषरावच्या खाटेशी स्टूल घेतलं. माणसाच्या उणिवेला सरकारी दवाखान्यात कधी काळी एवढा मान मिळाला असेल असं वाटत नाही.

मधल्या वेळात एक चूक होऊन गेली होती. मामाजी बारशाहून दुपारीच, टांगा गेल्यावर लगेच, हिंगणीला परतले होते. शेषरावला अपचन झालं असं त्यांना वाटलं होतं. खरं कळवायचं म्हणून मी संध्याकाळच्या मोटारीच्या क्लीनरजवळ निरोप दिला: शेषरावले हार्टचा झटका आला, दवाखान्यात आहे. आमच्या भागात 'हार्ट' या शब्दापुढे लोकांना एकच शब्द माहीत होता, तो म्हणजे 'फेल'. हार्टफेल हा मोठ्या लोकांना होणारा प्रकार. वर्तमानपत्रात यायचा. तो झाला की माणूस घरी येत नसे, त्याचा फोटो येत असे. क्लीनरनं हिंगणीच्या पारावर माझा निरोप सुधारून सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दवाखान्याच्या फाटकाशी उभा होतो. दोन बैलगाड्या आल्या. पुढच्या गाडीत मामाजी, डोक्याला पंचा, रात्रभर बैल हाकून डोळे लाल. मागच्या गाडीत दोन लांब हिरवे बांबू, खाली गवऱ्या, वर कोरं पांढरं कापड आणि एक नवं मडकं. वर्ध्यात चांगला बांबू मिळत नाही म्हणून हिंगणीहून तोडून आणला होता. कापड सासरच्यांनी आणायचं असतं, त्यात कसूर नको म्हणून तेही. मामाजी उतरले, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसढसा रडले, आणि मी काही बोलायच्या आत आत गेले.

सिस्टर दारातच होती. "किसको ले जाना है?"

"शेषराव, देवळीवाले. काल गेले ते."

"वो? वो तो अभी संतरे का रस पिया."

मामाजी तसेच मागे आले. गाडीच्या जुवावर बसले. बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, तू काय सांगून धाडलंतं?"

"हार्टचा झटका."

"झटका म्हणल्यावर मंग? झटक्यानं बोकड मरते, माणूस मरणार नाई?"

जावई जिवंत असल्याचा आनंद त्यांना झालाच, पण तो सामानाखाली दबला. त्यांनी बांबूंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंग हे आता मी कोणाच्या घरी नेऊ?" तिरडीचा बांबू परत घरी न्यायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं. नेला तर घरातलं कोणी जातं. दुसऱ्याच्या दारात टाकता येत नाही. मामाजी अगदी अडकून पडले.

वाट सिस्टरनं काढली. वॉर्डात डास फार, मच्छरदाण्या होत्या पण त्यांना दांड्या नव्हत्या. तिनं बांबू पाहिले आणि शिपायाला करवत आणायला सांगितलं. दोनाचे चार झाले. चारी शेषरावच्या खाटेला बांधले आणि त्यावर मच्छरदाणी ताणली. मडक्यात पिण्याचं पाणी भरून ते उशाशी ठेवलं. कोरं कापड दोरीवर टाकून शेजारच्या खाटेला आडोसा केला. मामाजींचं समाधान झालं. "ज्याचं होतं त्याच्याच कामी आलं," म्हणाले, आणि गवऱ्या सिस्टरला देऊन, रिकाम्या गाड्या घेऊन निघून गेले.

शेषरावला हे सांगायचं नाही, असं सगळ्यांचं ठरलं. हे ऐकून न हसणं त्याला शक्यच नव्हतं, आणि हसणं म्हणजे काय ते डॉक्टरांनी सांगितलंच होतं.

माझी अवस्था काय झाली ते पाहा. आमच्या घराण्यात आजवर घडलेली सगळ्यांत भारी गोष्ट घडली होती आणि फाटकाशी उभा राहून ती अथपासून इतिपर्यंत पाहिली होती मी. तिच्यात शेषरावला एक अक्षर घालावं लागलं नसतं. आणि ती ज्याला सांगावी असा एकच माणूस माझ्यासमोर दिवसभर उताणा पडून होता, आणि त्याला सांगायची बंदी होती. जन्मभर मला त्याला हसवायचं होतं. आता हसवलं असतं तर तो मेला असता.

मी दात आवळून कंटाळवाणा राहिलो. त्याला चमच्यानं भाताची पेज भरवत मी शाळा-तपासणीबद्दल सांगे. पृथ्वीच्या दोन्ही गती समजावून सांगे. एक दिवस डॉक्टर म्हणाले, "मास्तर, तुम्ही बसायला लागल्यापासून यांची झोपेची गोळी अर्धी केली." ही माझ्या बोलण्याला मिळालेली पहिली दाद.

पहिला आठवडा निघाला. तो जेमतेम बोलत होता, तरी वॉर्ड त्याचाच झाला. टोकाच्या खाटेवरचा पाय मोडलेला कुणबी रोज सकाळी तिथून हाक मारून विचारी, "देवळीवाले, कसं हाय?" शेषराव नुसत्या भुवया उडवी, आणि तेवढ्यावर तो माणूस दिवसभर खूश. सिस्टर त्याच्या उशीला अभ्रा जास्तीचा घाली. मी जाता-येता तिला नमस्कार करायचो, तर ती मला 'तुम उधर बैठो' म्हणायची.

तो बोलायचा ते मोजकं, मच्छरदाणीकडे पाहत. "मास्तर, बांबू हिरवे दिसते."

"हो."

"आपल्या हिंगणीकडचे आहेत काय?"

"बाजारातले आहेत."

"असतीन." मग थोड्या वेळानं, "पाणी गोड लागून राह्यलं. मडकं नवं हाय वाटते."

सिस्टर लांबून ओठांवर बोट ठेवी. तो डोळे मिटून घेई आणि मी पृथ्वीच्या गतीकडे वळे.

कापडाच्या पलीकडे एक शेठजी होते, वर्ध्याचे, धान्याचे व्यापारी. त्यांनाही हेच झालेलं, शेषरावच्या आधी काही दिवस. त्यांचं दुखणं केव्हाच थांबलं होतं, चेहऱ्यावर रंग आला होता, आणि ज्याला काही दुखत नाही त्याला का झोपवून ठेवता म्हणून ते रोज डॉक्टरांशी भांडायचे. एका दुपारी सिस्टर दुसऱ्या टोकाला असताना ते उठले आणि खाटेखाली वाकून चपला शोधू लागले. चप्पल सरकल्याचा आवाज मी ऐकला. मग ते खाटेवर बसले, आणि बसले तसेच कलंडले. डॉक्टर धावत आले, इंजेक्शन दिलं, छातीला कान लावला. मग हळूच बाजूला झाले. सिस्टरनं इकडेतिकडे पाहिलं, दोरीवरचं कोरं कापड ओढलं आणि त्यांच्या अंगावर घातलं.

शेषराव मच्छरदाणीच्या छताकडे पाहत पडला होता. त्यानं मान वळवली नाही, वळवायची नव्हतीच. तसाच म्हणाला, "मास्तर, कापड गेलं."

"दुसरा पडदा लावतील."

"नाई, म्हणलं, त्याच्या कामी आलं."

त्या संध्याकाळी त्यानं पेज घेतली नाही. चमचा ओठांशी तसाच राहिला. मग म्हणाला, "मी उठीन का रे अठून?"

मी मास्तर माणूस. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणायची सवय. आणि डॉक्टरांनाच ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "उठाल. डॉक्टर मले सोता म्हणाले, पक्कं उठतीन."

त्यानं माझ्याकडे डोळे वळवले. "मास्तर, त्याच्या आधी 'आता खोटं काऊन सांगू' म्हणाचं असते." आणि तोंड उघडून चमचा घेतला.

त्या दिवसापासून मला त्याचा हेवा वाटणं थांबलं, असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. थांबलं नाही. मरणाच्या दारात पडून तो माझ्यापेक्षा बरं वाक्य बोलला होता. फरक एवढाच झाला की तो उठावा असं मला अनुबाईइतकंच वाटू लागलं. तो नसता तर मी जळायचं कोणावर?

आठवडे असे गेले की त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि तेच चांगलं होतं. मग एक दिवस डॉक्टरांनी त्याला उशीला टेकवून बसवलं. मग पाय खाटेखाली सोडू दिले. पाय कोणा दुसऱ्याचे असावेत तसे बारीक झाले होते. मग एका बाजूनं सिस्टर आणि दुसऱ्या बाजूनं मी, असा तो खिडकीपर्यंत गेला आणि पाय मोडलेल्या कुणब्यानं टोकावरून टाळ्या वाजवल्या.

घरी जायच्या दिवशी देवळीहून बैलगाडी आली, आत तणसाची जाड गादी. अनुबाई आत सामान बांधत होती. शेषरावला मी बाहेर कडुनिंबाखाली खुर्चीवर बसवलं. डॉक्टर जाता जाता म्हणाले, "आता हसायला हरकत नाही. पण बेतानं." ते गेले. शेषरावनं माझ्याकडे पाहिलं.

"सांग आता."

"काय?"

"मामाजी गाड्या घेऊन आलते ते."

मी खालीच बसलो. "तुम्हाले कोणी सांगितलं? सिस्टरनं?"

"कोणी काऊन सांगाले पाह्यजे? मी काय करत होतो तठी पडून? बांबूच पाहत होतो. चारीची पेरं जुळते, म्हणजे दोनाचे चार केले. हिरवे, हिंगणीकडचे. उशाशी नवं मडकं, बाजूले कोरं कापड. आन् तू म्हणतं बाजारातले." त्यानं दम घेतला. "पहिल्याच दिवशी समजलं. मले वाटलं, आता हासूनच मरतो मी."

"मग इतके दिवस बोलले काऊन नाई?"

"हासू आलं असतं. आन् पाहणारा तू होता, गोष्ट तुही होती. तू सांगशीन म्हून थांबलो. सांग. पण वाऱ्यापासून सुरू नको करू."

मी सांगायला लागलो. क्लीनर, पार, दोन गाड्या, मामाजींचं माझ्या खांद्यावरचं रडणं, संत्र्याचा रस, बोकडाचा झटका. त्याचे खांदे हलू लागले होते. मी शेवटाला आलो. "मामाजीनं बांबूकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं, आन् म्हणे..." आणि माझं लक्ष त्याच्या हाताकडे गेलं. त्यानं हात छातीवर ठेवला होता. मी तिथंच थांबलो. मला शेठजींची चप्पल ऐकू आली. मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो, तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. डोळे मोठे, ओठ उघडे, नुसती परवानगी बाकी.

"...मंग हे आता मी कोणाच्या घरी नेऊ?" माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

तो हसला. आधी पोट, मग खांदे, मग डोळ्यांतून पाणी. हात छातीवर होता तो हसू सांभाळायला. बैल मान वळवून पाहू लागले. अनुबाई धावत बाहेर आली आणि माझ्यावर ओरडली, मीच काही केलं म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा मी खरंच केलं होतं.

डोळे पुसत शेषराव म्हणाला, "असं थांबाचं असते, मास्तर. आज जमलं तुले."

भीतीनं थांबलो होतो हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला पेरं जुळवता येत होती, म्हणजे तेही समजलं असणार. बांबू सोडून गाडीत घाला म्हणून त्यानं सिस्टरला विनवलं. ती म्हणाली, "अब दवाखाने के हैं." ते तिथंच राहिले.

त्यानंतर तो काही वर्षं जगला. बोली पुकारणं बंद झालं, जिना बंद झाला, मीठ बंद झालं. सुपारी राहिली. मग एका हिवाळ्यात देवळीला घरीच दुसरा झटका आला आणि गाडी जुंपेपर्यंतही थांबला नाही. हिंगणीचे लोक या खेपेला खात्री करून निघाले. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं, म्हणून माझ्या डोळ्यांसमोर तो आहे तो त्याच्या आधीचा, त्या वर्षीच्या दिवाळीनंतरचा.

आम्ही देवळीला भेटून वर्ध्याला परतत होतो. नको म्हणत असताना तो मला आणि कमलला पोचवायला मोटार स्टँडवर आला, हळूहळू, दोन ठिकाणी बसून. मोटार सुटायला वेळ होता. आम्ही आत बसलो आणि तो चहाच्या दुकानाच्या बाकावर टेकला. त्याला पाहून माणसं जमलीच. कोणीतरी अडकित्ता दिला.

"आता खोटं काऊन सांगू?" मला खिडकीतून ऐकू येत होतं. "मी दवाखान्यात. बाहेर आठ बैलगाड्या आल्या. पुढं डफडं. मी सोता फाटकाशी उभा, आन् मामाजी माह्याच गळ्यात पडून माह्यासाठी रडून राह्यले..."

"अगं," मी कमलला म्हणालो, "फाटकाशी मी होतो. ही माझी गोष्ट आहे."

"होऊ द्या ना त्यायचं," ती म्हणाली. तीही खिडकीकडे सरकली होती.

उतरून जावं आणि दोनच गाड्या होत्या म्हणून सांगावं, असं फार मनात आलं. तेवढ्यात क्लीनरनं मोटारीच्या पत्र्यावर थाप मारली. "मामाजीनं बांबूकडे पाह्यलं," शेषराव सांगत होता, "माह्याकडे पाह्यलं, आन् म्हणे..." आणि तो थांबला. अडकित्ता उघडा, सुपारी मध्ये, हात हवेत. मोटार हलली. ते थांबणं मला लांब वाटलं. मी खिडकीतून मान बाहेर काढली.

त्यानं मोटारीकडे पाहिलं, नेमकं माझ्या खिडकीकडे, आणि एक डोळा मिटला.

धुळीतून दिसत होतं तोवर मी पाहिलं. सगळी तोंडं त्याच्याकडे लागलेली, कोणी पापणी हलवत नव्हतं. वळणावर झाडं आडवी येईपर्यंत तो थांबलेलाच होता.